भाची 'मला काही झालं नाही' म्हणते, तेव्हा मदत कुठून आणि कशी घ्यायची

ताई, तुम्ही लिहिलंय की बालसंगोपन योजनेतून (घर सुटलेल्या मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात ठेवणारी सरकारी योजना) तुमच्याकडे राहणारी पंधरा वर्षांची भाची दोन महिने नीट झोपत नाही, पोट दुखतं म्हणून शाळा बुडवते आणि डॉक्टरांचं नाव काढलं की 'मला काही झालं नाही' म्हणते.

या नकारामागे बहुतेक वेळा भीती असते. आपण त्रासदायक ठरलो तर इथूनही हलवतील, ही. एकदा घर सुटलेल्या मुलांना असं वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून उपचारांचं बोलण्याआधी राहण्याचं बोला: 'तुला बरं नसलं म्हणून आम्ही तुला कुठे पाठवणार नाही.' मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या वतीने मात्र वचन देऊ नका, फक्त स्वतःचं द्या.

दुसरी भीती बोभाट्याची. या मुलांनी आपली कहाणी समितीला, बालगृहाच्या अधीक्षकांना, समाजसेविकेला सांगून झालेली असते आणि ती प्रत्येक वेळी फाइलमध्ये गेलेली असते. त्यामुळे समुपदेशकाला पहिल्याच भेटीत, तिच्यासमोर विचारा: काय तुमच्या दोघींत राहील, काय मावशीला कळेल, काय अहवालात जाईल? जिवाला धोका असेल तर गुप्तता राहत नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे तिला बोलण्याआधी माहीत हवं. नंतर कळलं तर ती पुन्हा कुणाजवळही तोंड उघडणार नाही. 'कुणालाच सांगणार नाही' असं तुम्हीही म्हणू नका.

सुरुवात पोटदुखीपासूनच करा. पोट तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. दुखणं खरं मानलं गेलं की पुढचं बोलणं सोपं जातं. सरकारी रुग्णालयातलं 'मैत्री' क्लिनिक १० ते १९ वयोगटासाठी असतं. तिथे पाळी, मुरुमं, अशक्तपणा कशासाठीही जाता येतं, त्यामुळे 'वेडाच्या डॉक्टरकडे नेलं' असा शिक्का बसत नाही. गरज पडली तर तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. फोन तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. दाराशी उभं राहिलात तर ती दोन वाक्यांत फोन ठेवेल.

डॉक्टरांसाठी एका पानावर झोप, जेवण, शाळा, चालू औषधं आणि बिघाड कधी सुरू झाला ते लिहा. आईची भेट, समितीची तारीख, कुणाचं वर्षश्राद्ध यांच्याशी तो जुळतो का, हेही. पण तिला आधी वाचून दाखवा आणि नको म्हणेल ते खोडा. जुनी कहाणी तिच्याकडून नव्याने वदवून घेऊ नका.

कागदांचं काम आजच सुरू करा, कारण अडतं ते इथेच. मूल तुमच्याकडे राहतं म्हणून तुम्ही कायदेशीर पालक होत नाही. आई किंवा वडील हयात असतील तर सहीचा प्रश्न येतो. समितीच्या आदेशात उपचारांच्या संमतीचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत लेखी मागून घ्या. दाखल करायची वेळ आली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे अल्पवयीनांसाठी वेगळी प्रक्रिया आहे: तज्ज्ञांकडून दोन स्वतंत्र तपासण्या, प्रौढांपासून वेगळी जागा, सोबतीला घरचं माणूस. रात्री अकराला या सह्या शोधत फिरणं फार वाईट.

गोळ्या सुरू झाल्या तर नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवा, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. गोळ्या कुलपात ठेवा, शेतीची औषधंही. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्याने कल्पना सुचत नाही, उलट ओझं हलकं होतं. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.