दुखतंय, मग व्यायाम कसा करू?

"उठता-बसता जीव जातो आणि डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. त्यांना माझं दुखणं कळतच नाही. झिजलेला गुडघा आणखी झिजवू का?"

साठीच्या त्या बाई हे रागाने बोलल्या, पण डोळे भरून आले होते. संधिवाताचे कितीतरी रुग्ण मला हेच विचारतात.

त्या खुर्चीतून उठताना मी पाहत होते. दोन्ही हात घट्ट रोवलेले, श्वास रोखलेला. कळ यायच्या आधीच अंग आखडलेलं. दोन वर्षांत आधी फिरणं सुटलं, मग जिना, मग घराबाहेर पडणंच. याला कोणी आळस म्हटलं की मला वाईट वाटतं. ही निव्वळ भीती असते, वापरला की सांधा झिजणार, ही.

मी त्यांना गुडघ्याच्या आत काय चालतं ते सांगितलं. तिथल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो-जातो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. मांडीचे स्नायू गुडघ्याला आधार देतात, आणि बसून राहिलं की तेच आधी अशक्त होतात. मग दुखणं वाढतं, म्हणून माणूस आणखी बसतो.

बराच वेळ त्या गप्प होत्या. "म्हणजे मी जपलं म्हणून बिघडलं?"

"तुम्हाला जे कळलं होतं, त्याप्रमाणे तुम्ही वागलात. कोणीही तसंच वागलं असतं," मी म्हटलं. हे मला मनापासून वाटतं. 'व्यायाम करा' एवढंच सांगून, किती आणि कसा हे न सांगणं पुरेसं नसतं.

ते फिजिओथेरपिस्टनी सांगितलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबून धरायची, असं १० वेळा. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं पहिल्याइतकं खाली यायला हवं. नाही आलं तर व्यायाम कमी करायचा, सोडायचा नाही. सांधा सुजला, गरम किंवा लाल झाला, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवायचं.

सहा आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. 'मंगळवार, दुखलं. बुधवार सकाळ, नेहमीइतकंच.' अशी पानंच्या पानं. दुखणं पूर्ण गेलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर डॉक्टरांसाठी एक प्रश्न लिहिला होता, 'जिना सुरू करायचाय. किती पायऱ्यांपासून?'