एमसीपीचं पाकीट आवक विभागात उघडलं गेलं असेल तर

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुमच्या आयन मोजणाऱ्या विश्लेषकात आयन बीम (चाचणीसाठी सोडलेला विद्युतभारित कणांचा झोत) बंद असतानाही काउंट (कण आदळल्याच्या नोंदी) येताहेत, आणि तेही एकाच सेक्टरमध्ये, म्हणजे डिटेक्टरच्या एकाच भागात, ढिगाने. तुम्ही सगळा भर अर्धगोलांच्या (ज्यांच्या मधल्या फटीतून ठरावीक ऊर्जेचेच आयन पार होतात) भूमितीवर दिलाय, पण माझ्या मते खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे: मायक्रोचॅनेल प्लेट्सचं (एमसीपी, म्हणजे आदळलेल्या कणाचा संकेत अनेकपट वाढवणाऱ्या, सूक्ष्म छिद्रांच्या काचेच्या चकत्या) सीलबंद पाकीट आवक तपासणीत उघडलं गेलं होतं.

भूमिती तूर्त सोडा. त्रिज्या किंवा फट चुकली तर ऊर्जेचं शिखर सरकतं, बीमशिवाय काउंट दिसत नाहीत.

आमच्याकडेही हेच झालं, तेही जुलैमध्ये. नग मोजल्याशिवाय आवक नोंद होत नाही, असं त्या विभागाचं म्हणणं. नायट्रोजन भरलेलं पाकीट कापलं, नग मोजले, टेप लावून कपाटात ठेवलं. आम्हाला कळवलंसुद्धा नाही. ही शिसंयुक्त काच हवेतली ओल शोषते. पाकीट हातात आलं तेव्हा प्लेट्स वाळत घातलेल्या पापडासारख्या वाकल्या होत्या, एकीला कडेला चीर. नोंद मात्र 'माल सुस्थितीत प्राप्त', त्यामुळे पुरवठादाराकडे दाद मागायची सोयच उरली नाही. पुन्हा खरेदी, पुन्हा मंजुऱ्या, आणि कॅलिब्रेशनची पाळी हातची गेली. आम्ही लिहिलेल्या पत्राला उत्तर काय, तर नियम दाखवा. याचा राग मला अजून येतो.

म्हणून आता खरेदीच्या कागदातच लिहून घ्या: आवक विभागाने फक्त बाहेरचं सील बघायचं, आतलं पाकीट क्लीनरूममध्ये वापरणाऱ्याच्या समोरच उघडायचं. याला कुणी नाही म्हटलं तर वरपर्यंत जा, वाईटपणा घ्या.

सध्याच्या प्लेट्सचं म्हणाल तर आधी चेंबरमधला आयन गेज (निर्वातातला दाब मोजणारं साधन) बंद करून काउंट बघा. तो आयन तयार करतो आणि त्याचा तापलेला फिलामेंट प्रकाशही सोडतो, यात भलेभले फसतात. तरी काउंट राहिले तर प्लेट्सची जोडी होल्डरमध्ये फिरवून बसवा. जास्त काउंट देणारा गरम ठिपका सोबत फिरला तर दोष प्लेटचा. जागीच राहिला तर होल्डरची कड किंवा ॲनोडची (प्लेटमागे संकेत गोळा करणाऱ्या भागाची) वायरिंग तपासा. चांगल्या प्लेटलाही काचेतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला एक-दोन काउंट असतातच, ते शून्यावर आणायच्या नादी लागू नका.

प्लेट वाकलेली नसेल तर आशा आहे. निदान दिवसभर चांगल्या निर्वातात ठेवा, दाब एका टॉरच्या (दाबाचं एकक) दहा लाखाव्या भागाच्या खाली गेल्याशिवाय व्होल्टेज देऊ नका, आणि ते ५०-५० व्होल्टने चढवा. स्ट्रिप करंट (व्होल्टेज दिल्यावर प्लेटमधून वाहणारा प्रवाह) उडी मारू लागला की थांबा. चीर असेल तर ती प्लेट वापरूच नका.

माझा अनुभव टॉप-हॅट विश्लेषक (अर्धगोलांचाच एक प्रकार) आणि काचेच्या प्लेट्सचा आहे. सिलिकॉन डिटेक्टरला यातलं बरंचसं लागू नाही. तुमच्या उत्पादकाची मर्यादा वेगळी असेल तर तीच पाळा.

अर्धगोल उघडलेच आहेत तर आतला काळा लेपही बघून घ्या. आदित्य-एल१ या सौर यानावरच्या स्विससारखं (SWIS) उपकरण सौर वाऱ्यातले आयन मोजतं, म्हणजे सूर्याकडेच बघतं, त्यामुळे सूर्याच्या अतिनील प्रकाशातले १२१.६ नॅनोमीटरचे लायमन-अल्फा फोटॉन आत उसळ्या मारत प्लेटपर्यंत पोचले की तेही काउंटच होतात. प्रयोगशाळेत हे लक्षातसुद्धा येत नाही.

स्ट्रिप करंटचे आकडे आणि पाकीट किती दिवस उघडं होतं ते इथे टाका, मग पुढचं सांगता येईल.