शनिवार-सोमवार खाडा, मग रविवारचा पगार कापायचा का?

दादा, तुमचा मेसेज वाचला. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये पगारपत्रक तुम्ही बघता, नवीन सॉफ्टवेअर आलंय आणि मालक म्हणायलेत की शनिवार-सोमवार खाडा असला की मधला रविवार बी कापायची सेटिंग टाका, वरून तीन लेट मार्कला अर्धा दिवस. आणि तुम्ही विचारायलात की उद्या कुणी केस केली तर माझ्या गळ्यात येईल का.

आधी रविवारचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवीन केंद्रीय कायदा, लागू झालीय, तिच्या कलम २० मध्ये सरळ लिहिलंय की जितके दिवस कामावर यायचं होतं त्यातले जितके दिवस आला नाही तेवढ्याच प्रमाणात कापायचं, त्याच्यापेक्षा जास्त नाही. पगार वाटपाच्या जुन्या १९३६ च्या कायद्यात पण हेच होतं, त्यामुळं मालकाला नवीन काही नाही. समजा पगार १८,००० आणि महिन्यात कामाचे दिवस २६, तर दोन खाड्यांचे १,३८५ च्या आसपास होतात. तुमचं सॉफ्टवेअर ३० नं भागून तीन दिवस कापतं म्हणजे १,८००, दिसायला ३० नं भागलं म्हणून कामगाराच्या फायद्याचं वाटतं पण नाही. आणि २६ पण कायमचा फिक्स टाकू नका, ज्या महिन्यात कामाचे दिवस २७ येतात तिथं २७ च धरा.

लेट मार्कचं पण तसंच, दहा-दहा मिनिटं तीनदा म्हणजे अर्धा तास, त्याला चार तास कसे कापता? दंड म्हणून कापायचं तर त्याचे नियम वेगळे, आधी मंजुरी लागते, कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं आणि त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्याच्या वर जाता येत नाही.

खरी गडबड मला वेगळीच दिसते. नाईट शिफ्टवाला दहाला आत येतो, सकाळी सहाला बाहेर, तारीख बदलली की हजेरीचं मशीन त्याला दोन्ही दिवस सिंगल पंच (म्हणजे येण्याची किंवा जाण्याची एकच नोंद) धरून गैरहजर टाकतं. आणि सुपरवायझर रजा मंजूर करतो ३ तारखेला, तुम्ही पगार चालवता १ ला! तर आधी पंच, मग रजा, मग हजेरी लॉक, मग पगार, हाच क्रम ठेवा, ७ तारखेपर्यंत पगार द्यायचाय तेवढा वेळ आहे. मूळ पंच डेटा डिलीट करू नका, कारण पगार बरोबर दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे आणि कामगाराला दावा करायला आता १२ महिने नाही, ३ वर्षं आहेत. कापलेल्याच्या दहा पटीपर्यंत भरपाई लागू शकते, कमी पगार दिल्याचा ५०,००० पर्यंत दंड वेगळा.

तुमच्यावर? पगार द्यायची जबाबदारी मुळात मालकाची. पण सेटिंग तुमच्या लॉगिननं बदललेली दिसणार, म्हणून तोंडी आदेशावर बदलू नका. मालकाला कलमासहित ईमेल टाका, ईमेल नको वाटला तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, पण उत्तर लेखी घ्या आणि सेव्ह करून ठेवा.