चौथा सेल्फ घेऊ नका

वाचकांचे प्रश्न : होडी आणि इंजिन

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. नेरूलच्या खाडीत माझी २४ फुटी जुनी फायबरची बोट आहे. आत पेट्रोलचं इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी. हंगामात पर्यटकांना आग्वादच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला नेतो. चार वर्षांत तीन सेल्फ (इंजिन सुरू करणारे स्टार्टर) आणि दोन बॅटऱ्या बदलल्या. नवा सेल्फ घातला की पाच-सहा महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. सकाळी पहिल्या किल्लीला इंजिन घेतं. समुद्रात बंद करून थोडा वेळ थांबलो की किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक'. दहा-पंधरा मिनिटांनी कधी घेतं, कधी नाही. गेल्या डिसेंबरात आठ माणसं बोटीत असताना मासेमारीच्या होडीने ओढून आणलं. देखभालीत कसूर नाही. बर्फाची पेटी बसावी म्हणून बॅटरी मागून काढून पुढच्या बाकाखाली नीट बसवून घेतली, दर पावसाळ्यात इंजिन रंगवतो. आता मेकॅनिक म्हणतो, मोटारीचा सेल्फ तंतोतंत बसतो, किंमत निम्म्याहून कमी. घालू का?
– एक वाचक, नेरूल

उत्तर : नाही. मोटारीचा सेल्फ घालू नका, फुकट मिळाला तरी घालू नका. सेल्फ फिरताना आत कार्बनपाशी ठिणग्या उडतात. मोटारीचं इंजिन खालून उघडं असतं, पेट्रोलची वाफ गळली तरी वाऱ्यावर जाते. बोटीत ती हवेपेक्षा जड म्हणून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन बसते आणि तुमचा सेल्फ नेमका तिथेच, तळाशी. बोटीसाठीचा सेल्फ आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही अशा बेताने बंदिस्त केलेला असतो. तुम्ही जास्तीचे पैसे त्यासाठी मोजता. तुमच्यावर भरवसा ठेवून आठ माणसं बोटीत बसतात, तिथे ही काटकसर नको.

आता मूळ दुखणं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही देखभाल म्हणून ज्या दोन गोष्टी सांगितल्यात, बॅटरी पुढे नेली आणि इंजिन दर पावसाळ्यात रंगवता, माझा संशय नेमका त्या दोहोंवर आहे. सेल्फ इथे मार खातोय, मारणारा दुसराच आहे.

तुमच्या इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण २०० अँपियर ओढतो असं धरू. एवढ्या करंटला वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बाकाखालून मागच्या इंजिनापर्यंत ४ मीटर धरले, तर जाऊन-येऊन ८ मीटर केबल झाली. ती ३५ चौरस मिलिमीटरची असेल तर नवी कोरी असतानाही पाऊण व्होल्टच्या वर खाते. ७० ची घातली तर नुकसान निम्म्यावर येतं. बॅटरी हलवताना जुन्या केबलला तुकडा जोडून लांबी वाढवली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक वेळा तसंच करतात, आणि तो सांधा बिल्जच्या पाण्याजवळ लोंबत राहतो.

व्होल्टेज कमी पडलं की सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या चुंबकी स्विचचा, दट्ट्या जोराने ओढला जात नाही. तो थरथरतो, आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट दर थरथरीला ठिणगी खातात आणि जळून खड्डे पडतात. मोटर हळू फिरते, म्हणून तुम्ही किल्ली जास्त वेळ धरून ठेवता आणि ती तापते. पाच-सहा महिन्यांत सेल्फचा निकाल लागतो.

गरम झाल्यावरच का, तेही सांगतो. इंजिन बंद केलं की थंड पाण्याचा फेरा थांबतो, पण लोखंडातली उष्णता तशीच असते. त्यामुळे पहिली १५-२० मिनिटं झाकणाखालचा उकाडा उलट वाढतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे सोलेनॉइडची गुंडाळी ५० अंशांनी तापली की तिच्यातला करंट जवळजवळ सहाव्या हिश्श्याने घटतो. सकाळी काठावर पास होणारी वायरिंग दुपारी नापास होते ती यामुळे. म्हणून सकाळी गॅरेजवाल्याला बोलावून काही सापडणार नाही. धक्क्याला बांधून अर्धा तास इंजिन चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग मीटर लावा.

त्याआधी झाकण उघडून बिल्जचा वास घ्या, ब्लोअर (तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची प्लसची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. साधा मल्टिमीटर चालेल. एक काडी बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला मळही आपल्याला मोजायचा आहे. दुसरी काडी सेल्फच्या जाड बोल्टवर. मदतनिसाला किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लसच्या वाटेत खोट आहे. मग एकेक टप्पा मोजत जा : खुंट ते बॅटरीचा मेन स्विच, स्विचच्या दोन टोकांत, स्विच ते सेल्फ. तसंच मायनसच्या खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत मोजा. तिथे ०.३ च्या वर गेलं तर अर्थ, म्हणजे मायनसची इंजिनाशी असलेली जोडणी, खराब. रंग लागलेल्या जागी काडी टेकवू नका, आधी खरवडून धातू दिसू द्या.

नुसती 'टक' आली आणि मोटर फिरलीच नाही, तर करंट वाहत नसतो आणि केबलवर शून्य दिसतं. तेवढ्यावर केबल चांगली समजू नका. काड्या सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर लावून किल्ली फिरवा. 'टक' झाल्यावरही तिथे १२ व्होल्ट दिसत राहिले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. आणि किल्लीकडून सोलेनॉइडला येणाऱ्या बारीक वायरवर बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी आले, तर दोष किल्ली, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला नसताना सेल्फ फिरू न देणारा) किंवा वायर जोडणाऱ्या मधल्या प्लगात आहे. जुन्या बोटीत ही वायर पुढच्या फळीपर्यंत जाऊन परत येते, वाटेतल्या प्लगाच्या पिना हिरव्या पडतात. त्या साफ करा, आणि इंजिनाजवळ छोटा रिले (बारीक करंटवर चालणारा मदतीचा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बेतीला माझ्याकडे अशीच एक बोट आली होती. बॅटरीची केबल बाहेरून झकास, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत, वर लाल हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). टोकाजवळ वाकवली तर आत कुरकुर हाताला लागली. ब्लेडने वेष्टन चिरलं. तारा कोळशासारख्या काळ्या. बोटभर आत गेलो तरी काळ्या, वीतभर गेलो तर हिरवी पूड, आणि त्यापुढे कुठे तांब्याचा रंग दिसला. समईच्या वातीत तेल चढतं तसं खारं पाणी तारांतून वर चढलेलं. त्याच बोटीच्या अर्थचा बोल्ट सोडवला तर थिंबलखाली रंगाचे तीन थर. दर पावसाळ्यात इंजिनासकट तो बोल्ट रंगवला होता, आणि पुन्हा आवळताना थिंबल रंगावरच बसवली होती. तेवढा रंग मी पॉलिश पेपरने काढला. केबल बदलली. मालकाने आणून ठेवलेला नवा सेल्फ खोक्यातच राहिला.

तुम्हीही आधी अर्थचा बोल्ट उघडा. बॅटरीचा मायनस काढून मगच पाना लावा. इंजिनावरची जागा चमकेपर्यंत घासा, थिंबल बसवून घट्ट आवळा, आणि व्हॅसलीन वरून लावा, आधी नाही. मग दोन्ही जाड केबल बदला, ७० च्या, मध्ये सांधा नको, तारांवर कल्हई असलेल्या. तारेवरची कल्हई चैन नव्हे, आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं किती लवकर काळवंडतं ते तुम्ही रोज पाहता. थिंबल हातोडीने ठोकून नाही, दाबयंत्राने बसवलेली हवी, आणि हीट श्रिंक आत गोंद असलेली. बॅटरी पुन्हा मागे नेता आली तर सगळ्यात उत्तम. बर्फाची पेटी कुठेही बसेल.

बॅटरीचं म्हणाल तर पूर्ण भरलेली, रात्रभर निवांत राहिलेली १२.६ च्या आसपास हवी. सेल्फ मारताना तिच्या खुंटावर ९.६ च्या खाली गेली तर तीही थकली आहे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये दोन मिनिटं सोडा.

एक गोष्ट विचारायची राहिली. काढलेल्या सेल्फांपैकी एखाद्याचं पुढचं नाक फुटलेलं होतं का? असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, स्पार्क प्लग काढा आणि इंजिन हाताने फिरवून पाहा. प्लगच्या भोकातून पाणी आलं, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा, पाण्याने थंड होणारा इंजिनाचा भाग) आतून गळतोय आणि सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. मग किल्लीला हात लावायचा नाही.

प्रश्न : आमच्या बाबांच्या होडीला आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे. किल्ली फिरवली तर आवाजच येत नाही, पण गिअरचा दांडा मागे-पुढे हलवत राहिलं की अचानक सेल्फ फिरतो. एक ओळखीचा म्हणतो, गिअरजवळची वायर जोडून टाकली की काम झालं. बाबा सत्तरीचे आहेत, एकटेच साळ नदीत जातात.
– एक वाचक, बेतूल

उत्तर : ताई, ती न्यूट्रल स्विचची वायर आहे. दांडा न्यूट्रलला नसेल तर सेल्फ फिरू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. तुमचा स्विच झिजला असेल किंवा गिअरची केबल ढिली पडून तो नीट दाबला जात नसेल. आधी केबल जुळवून पाहा, नाही जमलं तर स्विच नवा घाला. वायर जोडून टाकली तर होडी गिअरमध्ये असतानाही इंजिन घेईल, आणि बाबा त्या वेळी उभे असतील तर पहिल्याच धक्क्याला पाण्यात जातील. ओळखीच्याने ती आधीच जोडली असेल तर आजच सोडवून घ्या.