टेबलमॅटची वाटी होतेय!

प्रश्न: ताई, नुकतंच क्रोशे शिकतेय, रंगीत गोल टेबलमॅट करायला घेतला पण चार फेऱ्या झाल्या की कडा वर वळून त्याची वाटीच होते, काय चुकतंय?

उत्तर: अगं, टाके कमी पडतायत. खांबाने (सुईवर दोरा एकदा गुंडाळून घालायचा उंच टाका) विणत असशील तर पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत प्रत्येकात दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक दोन म्हणजे ३६, असे दर फेरीला १२च वाढव, जास्त वाढवलेस तर झालर होते. तरीही वळलाच तर तुझा हात घट्ट आहे, सुई अर्धा एमएम मोठी घे. आणि हो, रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे सुईवरचे शेवटचे दोन लूप नव्या दोऱ्यानेच ओढायचे, नाहीतर जोड लगेच दिसतो. काळी लोकर मात्र इतक्यात नको, टाकेच दिसत नाहीत.