निकॉन सोडून कॅननकडे जावे का?

आपण विचारले आहे की लग्नसमारंभाच्या कामासाठी निकॉन डी७५० आणि चार लेन्स हाताशी असताना सगळे विकून कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) संच घ्यावा का. मी २०१० साली असेच निकॉन सोडून कॅनन घेतले आणि त्यावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गोव्यात फोंड्याला थोरल्या बंधूंबरोबर मी स्टुडिओ चालवतो. तेव्हा आमच्याकडे निकॉन डी७०० होता. त्याचे ५१ फोकस बिंदू आणि मंद उजेडातले काम यांबद्दल माझी आजही तक्रार नाही, परंतु त्यात व्हिडिओ नव्हता. कॅनन ५डी मार्क टूमध्ये फोकस बिंदू नऊच होते, पण फुल एचडी व्हिडिओ होता आणि मार्च २०१० च्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, त्यात सेकंदाला २५ फ्रेमचीही सोय आली. म्हार्दोळ, मंगेशीच्या देवळांत होणाऱ्या लग्नांसाठी लोक फोटोंबरोबर व्हिडिओही मागू लागले होते. दादा म्हणाले, थोडे थांब, निकॉनही फुल एचडी व्हिडिओ आणील. मी थांबलो नाही.

त्याच वैशाखात शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेचे काम मिळाले. पहाटेपूर्वीच्या अंधारात, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून हातात वेत घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, धावत येतात, तो क्षण टिपण्यासाठी मी तासन् तास जागा धरून उभा होतो. पहिले धोंड जवळ आले तेव्हा चौकट रुंद करण्यासाठी मी सवयीने झूमची कडी फिरवली. कॅननची कडी निकॉनच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे चौकट रुंद होण्याऐवजी आवळली आणि तिच्यात एका धोंडाचा खांदा तेवढा उरला. गडबडीत शटरचा वेग वाढवावा म्हणून अंगठ्याने चाक फिरवले. निकॉनमध्ये अंगठ्याखाली शटर असते, कॅननच्या त्या चाकावर अ‍ॅपर्चर होते. उजेड आत सोडणारे ते छिद्र बंद होत गेले आणि पुढच्या सगळ्या फ्रेम काळ्या आल्या. ते अग्निदिव्य पुन्हा पाहण्यासाठी वर्षभर थांबावे लागते. त्या पहाटेची आठवण आजही मला बोचते.

दादांच्या मते हा कंपनी बदलल्याचा परिणाम होता, आणि २०१२ मध्ये डी८०० फुल एचडी व्हिडिओसह आला तेव्हा आपलेच म्हणणे खरे ठरले असे ते आजही जेवताना सांगतात. मला ते मान्य नाही. डी८०० येईपर्यंतच्या दोन हंगामांत आम्ही घेतलेली व्हिडिओची कामे थांबून मिळाली नसती. चूक कॅमेरा बदलण्यात नव्हती. आठवडाभर हातात धरलेला कॅमेरा घेऊन मी जत्रेला उभा राहिलो, यात होती. डोळ्यांना नवे यंत्र दोन दिवसांत कळते, बोटांना दोन महिने लागतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की बदलायचे असेल तर पावसाळ्यात बदलावे. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला वळण लावण्यास पुरेसा वेळ मिळतो. जुन्या लेन्स मात्र पावसापूर्वीच विकाव्यात, कारण आपल्याकडच्या दमट हवेत त्यांत बुरशी धरली की किंमत पडते. फ्लॅश आणि ट्रिगर यांचा खर्चही हिशेबात धरावा. टीटीएलच्या, म्हणजे फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, पिना दोन्ही कंपन्यांच्या वेगळ्या असल्याने निकॉनचा फ्लॅश कॅननवर नीट चालत नाही. कामातला जोडीदार निकॉनवरच राहणार असेल तर हळदीच्या एकाच अल्बममध्ये त्वचेचे दोन वेगवेगळे रंग जुळवत बसावे लागेल, ही डोकेदुखी वेगळीच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. आपल्या लेन्स एएफ-एस, म्हणजे आत स्वतःची फोकस मोटर असलेल्या, असतील तर त्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने निकॉनच्याच झेड बॉडीवर, म्हणजे निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यावर, ऑटोफोकससह चालतात, आणि मग कॅननकडे जाण्याचे कारण बरेच कमी होते. आत मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस मात्र त्यावर चालत नाही, कारण अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही. आपल्या चार लेन्सपैकी कोणत्या कुठल्या प्रकारच्या आहेत हे आपण लिहिलेले नाही. ते आधी पाहावे आणि मगच लेन्स विकायला काढाव्यात.