बारव रिन्यू होत नसते

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमच्या गावची जुनी बारव पोरांनी मिळून साफ करायला घेतली आहे. पायऱ्यांचे दगड निखळलेत, निम्मी बारव गाळानं भरली आहे. मदतीसाठी एका कंपनीला इंग्रजीत अर्ज द्यायचाय. मी लिहिलं, 'वुई वॉन्ट टु रिन्यू अवर बारव.' भाचा म्हणतो रिव्हाइव्ह लिहा, मोबाइल सांगतो रिजुव्हेनेट. नेमकं काय लिहू?
– एक वाचक, जिंतूर तालुका

उत्तर : दादा, अर्ज अजून पाठवला नसेल तर थांबा. रिन्यू वाचून साहेबाला वाटेल, बारवेची मुदत संपली! रिन्यू म्हणजे आपलं नवं-जुनं. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं अन् लगेच पुन्हा उचलायचं, तसं. लायसन्स, गाडीचा विमा, वाचनालयातून आणलेलं पुस्तक, ज्याला तारीख असते ते रिन्यू होतं. बारव बांधणाऱ्यानं तिच्यावर तारीख टाकलेली नाही.

रिव्हाइव्हमधला 'व्हाइव्ह' लॅटिनमधल्या जगण्याच्या धातूपासून आला. आपल्या 'जीव'चा तो लांबचा भाऊबंदच. म्हणून जे मेलं किंवा मरायला टेकलं, तेच रिव्हाइव्ह होतं. एलआयसीचे हप्ते थकून पॉलिसी लॅप्स झाली की थकबाकी व्याजासकट भरून ती 'रिव्हाइव्ह' करतात. गाडीचा विमा वेळेत भरला तर तो नुसता रिन्यू. हा फरक मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीला नवी लागले तेव्हा वाचनालयात अर्ज दिला होता, 'प्लीज रिव्हाइव्ह माय मेंबरशिप.' वर्गणीची मुदत संपायला अजून आठ दिवस होते. ग्रंथपाल निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, इंग्रजी एकदम पक्कं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, मयत कधी झाली? आम्हाला निरोपच नाही." पुढं 31 वर्षं परभणीत इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द फळ्यावर लिहिताना दर वेळी ते चष्म्यावरचे डोळे दिसायचे.

आता तुमची बारव. तिथं दोन कामं आहेत आणि इंग्रजी दोन्हीला वेगवेगळे शब्द देते. निखळलेला दगड जागेवर बसवणं, ढासळलेली कमान होती तशी उभी करणं, हे रिस्टोर. पूर्ववत करणं. वादळानं गेलेली लाइट आली की मोबाइलवर 'सप्लाय रिस्टोर्ड' असा मेसेज येतो, तो याच अर्थानं. आपण मात्र सगळ्यालाच जीर्णोद्धार म्हणून मोकळे होतो. तुम्हाला औंढा जवळ आहे, नागनाथाचं देऊळ एकदा या नजरेनं बघून या. खाली काळ्या दगडातलं जुनं कोरीव काम, वर नंतरच्या काळात बांधलेलं पांढरं शिखर. इंग्रजीत त्या शिखराला रिस्टोर्ड म्हणता येणार नाही, रीबिल्ट म्हणावं लागेल. आणि पोरांना सांगून ठेवा, पायऱ्यांवर सिमेंट अन् टाइल्स नको. ते झालं की काम रिनोव्हेशनमध्ये गेलं. स्वयंपाकघराला शोभतं ते, बारवेला नाही.

दुसरं काम पाण्याचं. माझं माहेर सेलूकडचं. लहानपणी आमच्या वाड्यातला आड आटला तेव्हा गाळ काढायला चार गडी लावले होते. चार दिवस टोपल्यांनी काळा, कुबट वासाचा चिखल वर येत होता. त्यात खापरं निघाली, एक चेमटलेला पितळी तांब्या निघाला, माझी हरवलेली भिंगरी निघाली. पाचव्या दिवशी खालून गडी ओरडला, "लागलं, लागलं!" आम्ही पोरं काठावर पालथी पडून बघतो तर कपारीतून करंगळीएवढी धार. आजी म्हणाली, "झरा जित्ता झाला बाई." हे रिव्हाइव्ह. आजीला इंग्रजीतलं अक्षर येत नव्हतं.

राहिलं रिजुव्हेनेट. त्यात लॅटिनमधला तरुण बसलाय, आपल्या 'युवन्'च्या नात्यातला. थकलेल्याला पुन्हा तरणं करायचं. जुन्या केसरच्या बागेत फांद्या जोरात छाटून नवी फूट आणतात, त्याला हा शब्द चपखल. हल्ली नद्यांनाही लावतात. 2014 साली केंद्रातल्या जलमंत्रालयाच्या नावातच 'गंगा रिजुव्हेनेशन' आलं होतं. म्हणजे चूक कोणी धरणार नाही. पण बारवेचं मोल तिच्या वयात आहे, तिला तरणी कशाला करता?

लिहा : 'वुई वॉन्ट टु डीसिल्ट अँड रिस्टोर अवर ओल्ड स्टेपवेल अँड रिव्हाइव्ह इट्स स्प्रिंग्ज.' डीसिल्ट म्हणजे गाळ काढणं. पैसे त्यालाच जास्त लागणार, म्हणून तो शब्द पुढं ठेवलाय.

प्रश्न : 'रिफर्बिश्ड' मोबाइल म्हणजे दुरुस्त केलेला का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बहुतेक वेळा हो. पण शब्द मुळात घासण्या-पुसण्याचा आहे. फर्बिश म्हणजे शस्त्रं, चिलखतं घासून लखलखीत करणं. आपल्याकडं कल्हईवाला पातेल्याचं करायचा तेच. कल्हईनं पातेलं चमकतं, बुडाचं भोक बुजत नाही. तेव्हा बेटा, चमक बघू नकोस, बॅटरी अन् वॉरंटी विचार.

प्रश्न : 'रेस्टॉरंट'मध्ये 'रेस्ट' आहे, म्हणजे मूळ अर्थ विश्रांतीगृह ना?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही हो. तो रिस्टोरच्या घरातला शब्द. फ्रेंचांकडं अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून जे कढण देत, त्याला रेस्तोराँ म्हणायचे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ते कढण विकणारी दुकानं निघाली आणि नाव दुकानालाच चिकटलं. विश्रांतीचा काही संबंध नाही. जेवून पाच मिनिटं जास्त बसून बघा, वेटर फडकं घेऊन येतोच.